दोन बाजूंचा एक संघ

वक्तृत्व स्पर्धेची सूचना वर्गात वाचली की आमच्या शाळेत लगेच हात वर होतात. वादविवाद स्पर्धेची सूचना वाचली की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी वारंगा फाट्याच्या परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी हे पाहते. भाषण पाठ करता येतं. समोरचा काय बोलणार हे मात्र आधी कळत नाही आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, याची मुलांना धास्ती वाटते. ही धास्ती एकदा ओलांडली की आठवी-नववीतलं लेकरू किती बदलतं हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून या स्पर्धा कशा चालतात, मुलं त्यांची तयारी कशी करतात आणि त्यातून त्यांच्या हाती काय येतं, ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

आमचा फाटा कळमनुरी तालुक्यात येतो. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि तुळजापूरहून यवतमाळमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग इथे भेटतात. प्रवासी इथे उतरतात, फाट्याची खिचडी खातात आणि हदगाव-उमरखेडकडची किंवा कळमनुरी-हिंगोलीकडची गाडी धरतात. माझ्या वर्गातली मुलं आसपासच्या गावांतून येतात. बहुतेकांच्या घरी शेती आहे. हळद, सोयाबीन, कापूस, कुठे ऊस, कुठे केळी. काहींच्या वडलांचं फाट्यावर हॉटेल आहे, काहींचं पंक्चरचं दुकान. घरात वर्तमानपत्र रोज येतं असं थोड्यांच्याच बाबतीत. तरी या मुलांकडे बोलण्यासारखं खूप असतं, आणि वादविवादाच्या तयारीत ते बाहेर येतं.

स्पर्धांची पत्रकं पावसाळ्यात यायला लागतात. स्वातंत्र्यदिन, शिक्षक दिन, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारीची जिजाऊ आणि विवेकानंद जयंती, या दिवसांच्या मागेपुढे कुठल्या ना कुठल्या संस्थेची स्पर्धा असते. मधले ऑक्टोबरचे आठवडे आमच्याकडे अवघड जातात, कारण सोयाबीनची काढणी सुरू होते आणि निम्मा वर्ग शेतात असतो.

पत्रकातले नियम थोड्याफार फरकाने सारखेच असतात. एका शाळेचा एक संघ, संघात दोन विद्यार्थी. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात. प्रत्येकाला पाच मिनिटं, काही ठिकाणी सात. वेळ संपत आली की पहिली घंटा, संपली की दुसरी. त्यानंतरही बोलत राहिलं तर गुण कापले जातात. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र सोबत लागतं. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. विषयाची मांडणी, भाषा, सभाधीटपणा आणि खंडन अशा रकान्यांत परीक्षक गुण देतात. दोघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक ढाल ठरते. शिवाय वैयक्तिक पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ अशी बक्षिसं असतात. ढाल फिरती असते, म्हणजे वर्षभर मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवायची आणि पुढच्या वर्षी परत न्यायची. विद्यापीठांच्या युवक महोत्सवातल्या वादविवादाचा साचाही हाच आहे. दोन वक्ते, एक बाजूने आणि एक विरोधात. त्यामुळे शाळेत हे जमलेल्या मुलांना पुढे कॉलेजात नव्याने काही शिकावं लागत नाही.

पालकांना हे नियम समजावून सांगताना एक प्रश्न हमखास येतो. एकाच शाळेची दोन लेकरं एकमेकांच्या विरोधात बोलणार, तर तो संघ कसला? उत्तर तयारीत आहे. ढाल दोघांच्या बेरजेवर मिळते. बाजूने बोलणाऱ्या मुलीचं भाषण फर्मास झालं आणि विरोधातल्या मुलाचं पडलं, तर संघ हरतो. म्हणून दोघांनी रोज एकमेकांवर आपले मुद्दे तपासून बघायचे असतात. मुलीच्या मुद्द्यातली फट मुलगा दाखवतो, ती बुजवून ती पुन्हा येते, तोवर मुलाच्या आकडेवारीत तिला काहीतरी सापडलेलं असतं. स्वतःचे हुकमी मुद्दे जोडीदारापासून लपवून ठेवणारी जोडी मी जिंकलेली पाहिलेली नाही. आपल्याविरुद्ध बोलणारा माणूसच आपल्याला पक्कं करतो, ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाला उपदेशातून कळत नाही. दोन आठवडे जोडीने तयारी केली की कळते.

जोडी निवडताना मी खड्या आवाजाच्या मुलांपासून सुरुवात करत नाही. वर्गात एक सोपा प्रयोग घेते. एकाने कुठल्याही विषयावर मिनिटभर मत मांडायचं. दुसऱ्याने उत्तर द्यायचं, पण त्याआधी पहिल्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. पहिल्याने "हो, मला हेच म्हणायचं होतं" अशी मान्यता दिली तरच पुढे जायचं. हे फार अवघड जातं. भराभर बोलणारी मुलं इथे अडखळतात, कारण समोरचा बोलत असताना ती स्वतःचं वाक्य जुळवत बसलेली असतात. मागच्या बाकावरची एखादी अबोल मुलगी मात्र समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नेटकं सांगते. मला ती मुलगी हवी असते. आवाज महिन्याभरात सुधारता येतो. ऐकायची सवय नसलेल्याला ऐकायला लावणं जास्त वेळखाऊ काम आहे.

जोडी ठरली की वही सुरू होते. वहीच्या डाव्या पानावर समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा लिहायचा, उजव्या पानावर आपलं उत्तर. डावं पान आधी भरायचं, हा नियम मी मोडू देत नाही. समोरच्याचा मुद्दा मुद्दाम दुबळा करून लिहिला तर पान पुन्हा लिहावं लागतं. आकडा वापरला की तो कुठून आला हे समासात लिहायचं. सांगता येत नसेल तर आकडा खोडायचा. "एका सर्वेक्षणानुसार" ही सुरुवात आमच्या वहीत चालत नाही. कुणी केलं सर्वेक्षण, कधी केलं, किती लोकांना विचारलं, हे माहीत असेल तरच बोलायचं.

माहिती गोळा करायला फाटाच कामाला येतो. शाळेच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, मोबाइल आहे, पण खरी शिदोरी माणसांकडे असते. "मालवाहतूक रस्त्याऐवजी रेल्वेने व्हावी" असा विषय होता तेव्हा मुलांनी ढाब्यावर थांबलेल्या ट्रकचालकांना विचारलं, की गाडी भरल्यावर किती तास उभी राहते, डिझेलला किती जातात, घरी कधी जाता. त्या उत्तरांतून जे मिळालं ते एकाही निबंधमालेत नव्हतं. हळदीच्या भावावर बोलायचं होतं तेव्हा एका मुलीने वसमतच्या बाजारात हळद नेणाऱ्या आपल्या मामांकडून हमाली, तोलाई आणि भाड्याचा हिशेब लिहून आणला. परीक्षकांनी तिला त्यावर प्रश्न विचारला आणि तिने न अडखळता उत्तर दिलं, कारण तो हिशेब तिच्या घरातला होता.

सगळ्यात जास्त वेळ खंडनाला लागतो. वक्तृत्व आणि वादविवाद यांच्यातली रेघ इथेच आहे. मी मुलांना चार पायऱ्या शिकवते. आधी समोरच्याने काय म्हटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं. मग आपण त्यातलं किती मान्य करतो ते सांगायचं. मग कुठे मतभेद आहे आणि का आहे ते मांडायचं. शेवटी त्याचा मूळ विषयावर काय परिणाम होतो ते सांगायचं. शेवटची पायरी मुलं विसरतात. मुद्दा खोडून काढतात आणि तिथेच थांबतात. परीक्षकाला प्रश्न पडतो, बरं, मग पुढे काय?

एक उदाहरण देते. विषय होता, "या सभागृहाच्या मते शालेय विद्यार्थ्यांच्या मोबाइल वापरावर बंदी असावी." विरोधात बोलणारा दुसऱ्या शाळेचा मुलगा म्हणाला, की २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मोबाइलनेच शिक्षण चालू ठेवलं. मुद्दा भक्कम होता, टाळ्याही मिळाल्या. त्याच्यानंतर आमची मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "माझे प्रतिस्पर्धी म्हणतात की बंदच्या काळात मोबाइलने शाळा चालवली. ज्यांच्या घरी रिकामा मोबाइल होता त्यांची चालवली, हे मला मान्य आहे. आमच्या घरी मोबाइल एकच होता आणि तो सकाळी बाबांबरोबर शेतात जायचा. आमच्या गल्लीत बहुतेकांचं असंच होतं. त्यामुळे त्या काळातून एवढंच सिद्ध होतं की शाळेची जागा मोबाइल घेऊ शकत नाही. आणि आजचा प्रश्न शाळा उघड्या असतानाचा आहे." चारही पायऱ्या मिनिटभरात झाल्या. आवाज चढला नाही, शेर म्हटला नाही, टाळ्यांसाठी ती थांबलीही नाही. सभागृह शांत झालं आणि दोन्ही परीक्षकांनी एकाच वेळी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या दिवशी तिला खंडनाच्या रकान्यात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. तिची आई रोजंदारीने निंदणीला जाते. मुलगी घरच्या गरिबीविषयी सभेत बोलली, पण सहानुभूती मिळवण्यासाठी नव्हे, पुरावा म्हणून बोलली, याचा मला अभिमान वाटला.

हे सगळं शिकवताना मी मुलांना नरहर कुरुंदकरांविषयी सांगते. कुरुंदकर आमच्याच जिल्ह्यातले. वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे त्यांचं मूळ गाव. १५ जुलै १९३२ रोजी त्यांचा जन्म झाला. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो परभणीतून निघून १ मे १९९९ रोजी झाला. निजामाच्या राजवटीतल्या मराठवाड्यात वाढलेला हा माणूस आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होता, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाला. त्यांच्या व्याख्यानांना गावोगावचे लोक गर्दी करत. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची जी दीर्घ प्रस्तावना आहे ती मी दहावीच्या मुलांना थोडी थोडी वाचून दाखवते. ज्याचं म्हणणं खोडायचं आहे त्याची बाजू कुरुंदकर आधी पूर्ण ताकदीने मांडतात. इतकी, की वाचणाऱ्याला वाटावं, हे तर पटलं. मग ते प्रश्न विचारायला लागतात. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेतही पूर्वपक्ष आधी आणि उत्तर नंतर अशीच रीत होती. आमच्या वहीचं डावं पान म्हणजे हा पूर्वपक्ष. कुरुंद्यासारख्या खेड्यातून आलेला, शाळेत मराठी शिकवणारा माणूस केवळ वाचन आणि विचार यांच्या बळावर महाराष्ट्रभर ऐकला गेला, हे मुलांना कळलं की त्यांच्या बसण्यातसुद्धा फरक पडतो.

स्पर्धेचा दिवस पहाटे सुरू होतो. स्पर्धा नांदेडला, हिंगोलीला, कधी वसमतला. मुलींचा एसटीचा मोफत पास घर ते शाळा एवढ्याच मार्गावर चालतो, म्हणून स्पर्धेचं तिकीट शाळा किंवा आम्ही शिक्षक काढतो. त्याआधी घरची परवानगी काढावी लागते. मुलीला परगावी पाठवायचं म्हटलं की घरात शंका निघतात. येताना अंधार होईल का, सोबत कोण आहे, जेवणाचं काय. मी स्वतः घरी जाऊन बोलते. एका आजीने मला उंबऱ्यातच विचारलं होतं, "मॅडम, लेकरू तिथं जाऊन भांडणार का?" मी म्हटलं, "भांडणार नाही आजी, समोरच्याचं ऐकून घेऊन उत्तर देणार." आजी म्हणाल्या, "मग न्या. ते तर घरात बी शिकायला पाहिजे." आईने डबा बांधून दिला आणि म्हणाली, "तुम्ही हाव म्हणून पाठवायलो बघा." हा भरवसा जपणं हे माझं स्पर्धेपेक्षा मोठं काम आहे.

सभागृहात पोचलं की नावनोंदणी होते, मग चिठ्ठ्या. पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी कुणालाच नको असते. पहिल्या वक्त्याच्या आधी कुणी बोललेलंच नसतं, मग तो खंडन कुणाचं करणार? अनेक ठिकाणी पहिला वक्ता केवळ या कारणाने मागे पडतो. काही आयोजक यावर चांगला उपाय करतात. सगळ्यांची भाषणं झाल्यावर पहिल्या दोन-तीन वक्त्यांना मिनिटभर पुन्हा बोलू देतात. जिथे ही सोय नसते तिथे मी मुलांना सांगते, की समोरची बाजू कोणते मुद्दे मांडेल ते आपण वहीत लिहिलंच आहे, ते मुद्दे उघडपणे सांग आणि त्यांना उत्तर देऊन ठेव. पुढचे वक्ते तेच मुद्दे मांडायला लागले की परीक्षकांना तुझी आठवण होते.

एका स्पर्धेचा अनुभव मात्र अजून मनात सलतो. एका वक्त्याने सगळं भाषण पाठ केलं होतं. कवितेच्या ओळी, शेर, हातवारे, आवाजातले चढउतार, सगळं जागच्या जागी. त्याच्या आधी बोललेल्या एकाही वक्त्याचा त्याने उल्लेख केला नाही. आमच्या मुलाने तीन वक्त्यांचे मुद्दे नाव घेऊन तपासले. निकालात पाठ केलेलं भाषण पहिलं आलं. परतीच्या गाडीत मुलाने मला विचारलं, "मॅडम, ऐकून काय उपयोग झाला?" त्याला मी सांगितलं, की गुण एका दिवसाचे असतात आणि ऐकायची सवय आयुष्यभर तुझ्याजवळ राहणार आहे. हे मी मनापासूनच सांगितलं. पण मुलाचा प्रश्न आयोजकांपर्यंतही पोचला पाहिजे. गुणपत्रिकेत खंडनाचा रकाना छापून भागत नाही. त्याला वजन द्यावं लागतं, आणि वादविवाद म्हणजे काय हे माहीत असलेले परीक्षक बसवावे लागतात.

आमच्या शाळेत आम्ही शनिवारी सकाळच्या शाळेनंतर आपापसातले वादविवाद घेतो. त्यातला एक मला विशेष आठवतो. विषय मुलांनीच सुचवला होता, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, १२ जिल्ह्यांतून जाणारा, सुमारे ८०२ किलोमीटरचा असा हा मूळ प्रस्ताव. त्यात आमचा हिंगोली जिल्हाही आहे. जमीन जाईल म्हणून शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. मुलांच्या घरी रात्री जेवताना हीच चर्चा चालायची. बाजू मी नाणं उडवून ठरवल्या. ज्या मुलाच्या घरचे विरोधात होते, त्याच्याच वाट्याला महामार्गाची बाजू आली.

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग वही घेऊन आला. त्याने शोधून काढलेले मुद्दे खरोखर चांगले होते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता ती लांबच्या बाजारात लवकर पोचली पाहिजे. औंढा नागनाथ, माहूर, तुळजापूर अशी देवस्थानं जोडली गेली तर वाटेतल्या गावांना धंदा मिळेल. मोबदल्याचा दर आधी जाहीर करून पैसे आधी दिले तर काही कुटुंबांना दुसरीकडे जमीन घेता येईल. हे त्याने घरी वडलांना वाचून दाखवलं. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "ह्या गोष्टी इतक्या नीट आम्हाला कोणी साहेबानं बी सांगितल्या नव्हत्या." आणि मग त्यांनीच मुलाला एकेक करून हरकती सांगितल्या. मोबदला किती आणि कधी, हे कागदावर कुठे आहे? बागायती जमिनीच्या बदल्यात तसलीच जमीन मिळते का? शेताचे दोन तुकडे झाले तर पलीकडे बैल न्यायचे कसे?

विरोधात बोलणाऱ्या मुलीने आमच्या फाट्याचाच दाखला दिला. नागपूरकडून येऊन तुळजापूरकडे जाणारा चौपदरी महामार्ग आपल्या दारातून जातो, त्यावरून मालही जातो आणि भाविकही जातात, मग त्याला समांतर दुसरा कशाला, असा तिचा सवाल होता. मुलाने त्या सवालाला उत्तर दिलं, पण ते पुरेसं नाही हे त्याला बोलतानाच जाणवलं आणि तसं त्याने मोकळेपणाने कबूलही केलं. वाद संपल्यावर वर्गात हात वर करून मत घेतलं. बहुतेक हात विरोधातच राहिले. मुलाचं स्वतःचं मतही बदललं नाही. बदललं ते एवढंच, की आता त्याच्या मतामागे कारणं होती आणि समोरच्या बाजूचं सगळंच खोटं नसतं हे त्याला ठाऊक झालं होतं. घरात, गावात, पुढे मतदार म्हणून, या मुलाला असे अनेक प्रश्न सोडवायचे आहेत. त्यासाठी याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

शनिवारी आम्ही तीन-तीन जणांच्या संघांचा प्रकारही घेतो. जगभरातल्या शाळांची एक वादविवाद स्पर्धा १९८८ पासून भरते. ती ऑस्ट्रेलियात सुरू झाली. २०१९ मध्ये बँकॉकला झालेल्या स्पर्धेत भारताचा संघ जिंकला. तिथे सगळा संघ एकाच बाजूने बोलतो. प्रत्येक फेरीला दोन संघ समोरासमोर, प्रत्येकाचे तीन वक्ते, प्रत्येक वक्त्याला आठ मिनिटं. शेवटी दोन्ही संघांतला एकेक जण चार मिनिटांत सगळ्या वादाचा निचोड मांडतो. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाचा अपवाद सोडला तर भाषण चालू असताना समोरचा उभा राहून छोटा प्रश्न विचारू शकतो. बोलणाऱ्याने तो घ्यायचा की नाही हे त्याने ठरवायचं. १०० पैकी ४० गुण आशयाला, ४० मांडणीच्या शैलीला आणि २० डावपेचाला. काही विषय आधी कळवतात, काही तासभर आधी हातात ठेवतात आणि मुलांनी बाहेरच्या कुणाचीही मदत न घेता तयारी करायची असते.

आमच्या मुलांसाठी आठ मिनिटं जास्त होतात, म्हणून आम्ही चार करतो. पण या प्रकारातून दोन गोष्टी पक्क्या होतात. एक म्हणजे कामाची वाटणी. पहिला वक्ता विषयाची व्याख्या करून बाजू उभी करतो, दुसरा नवे मुद्दे घालतो, तिसरा जवळजवळ पूर्ण वेळ समोरच्यांना उत्तरं देतो. ज्याला जे जमतं त्याला ते काम मिळतं. दुसरी गोष्ट मधला प्रश्न. बोलताना कुणी मध्येच उभं राहिलं की सुरुवातीला मुलं गडबडतात. सराव झाला की थांबतात, प्रश्न पूर्ण ऐकतात, दोन वाक्यांत उत्तर देतात आणि आपला धागा पुन्हा पकडतात. असं ज्याला जमलं त्याला मुलाखतीची भीती उरत नाही. आमच्याकडून गेलेली एक मुलगी आज नर्सिंगला आहे. ती सांगते, की रुग्णाचे नातेवाईक चिडून बोलायला लागले की ती आधी त्यांचं म्हणणं त्यांनाच नीट सांगते, निम्मा राग तिथेच उतरतो.

आपल्याकडे शालेय वयात याच गुणांची मशागत करणारा आणखी एक उपक्रम आहे, युवा संसद. मुंबईत १९६२ साली भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेत त्याची शिफारस झाली आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाल्या. पुढे केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं त्यात आली. आमच्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय वसमतला आहे. युवा संसदेत मुलं मंत्री होतात, विरोधी पक्ष होतात, प्रश्नोत्तरांचा तास चालवतात. मी या उपक्रमाची पुस्तिका मिळवून आमच्या नववीच्या वर्गात तसं एक अधिवेशन घेतलं. गावातला पाणीपुरवठा, फाट्यावर रस्ता ओलांडताना होणारे अपघात, मुलींच्या बसची वेळ, असे प्रश्न विचारले गेले. मंत्री झालेल्या मुलाला बसच्या वेळेवर उत्तर देता येईना, तेव्हा त्याने "माहिती घेऊन पुढच्या शनिवारी सभागृहाला सांगतो" असं म्हटलं आणि खरोखर वाहतूक नियंत्रकाकडे जाऊन वेळापत्रक उतरवून आणलं.

एवढ्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे. वादविवादाचं मोल जिंकणाऱ्या वाक्यात कमी आहे आणि समोरच्याची बाजू प्रामाणिकपणे मांडता येण्यात जास्त आहे. हे मुलांना शिकवायला मोठं शहर लागत नाही, इंग्रजी माध्यम लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि मुलांना मध्ये न तोडता ऐकणारा एक शिक्षक असला की पुरतं. ज्या शाळेत यातलं काहीच झालेलं नाही तिथे उद्यापासून सुरुवात करता येईल.

आयोजक संस्थांकडे माझ्या काही कळकळीच्या मागण्या आहेत. शंभरातले निदान तीस गुण खंडनाला ठेवा. सुरुवातीला बोललेल्या वक्त्यांना शेवटी मिनिटभर पुन्हा बोलू द्या. बाजू शाळेने ठरवण्याऐवजी चिठ्ठीने ठरवा, म्हणजे मुलांना दोन्ही बाजूंचा अभ्यास करावा लागेल. "विज्ञान शाप की वरदान" असले विषय आता बाजूला ठेवा. आमच्या मुलांना हळदीचा भाव, पीकविमा, गावातली शाळा मोठ्या शाळेत विलीन करणं, रस्त्यासाठी जाणारी जमीन यांवर बोलू द्या. निकालानंतर परीक्षकांनी प्रत्येक संघाला दोन वाक्यं तरी सांगावीत, काय चांगलं झालं आणि काय सुधारायचं. ढाल एकाच शाळेला मिळते, पण ही दोन वाक्यं प्रत्येक लेकरू घरी घेऊन जाऊ शकतं.

यंदापासून आम्ही परिसरातल्या शाळांना शनिवारच्या वादविवादाला बोलवायचं ठरवलं आहे. ढाल नाही, प्रवेशशुल्क नाही. विषय आठवडाभर आधी कळवू, बाजू आल्यावर चिठ्ठीने ठरेल. गुण दिले जातील आणि ते का दिले हेही सांगितलं जाईल. खिचडीची सोय आमच्याकडे.